दोन कारखान्यांची एक मोटार

जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहराच्या उत्तरेला झुफनहाउझेन हे उपनगर आहे. तेथे पोर्शेचा कारखाना. शहराच्या नैर्ऋत्येला झिंडेलफिंगेन हे गाव. तेथे मर्सिडीज-बेंझचा अवाढव्य कारखाना. दोहोंमधले अंतर रस्त्याने पंचवीस-तीस किलोमीटर. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात एका मोटारीचा सांगाडा ट्रकवर चढून या रस्त्याने जा-ये करीत असे. पत्र्याचे सुटे भाग झिंडेलफिंगेनहून झुफनहाउझेनला जात. तेथे सांगाडा जोडून झाला की तो रंगासाठी परत झिंडेलफिंगेनला; रंग झाला की इंजिन आणि आतले सामान बसवायला पुन्हा झुफनहाउझेनला; आणि पुरी झालेली गाडी अखेरच्या तपासणीसाठी पुन्हा झिंडेलफिंगेनला. चार खेपा, आणि एका गाडीला १८ दिवस.

ही मोटार म्हणजे मर्सिडीज-बेंझची ‘५०० ई’. जुन्या, वेगवान जर्मन सेडान विकत घेऊन त्या पूर्ववत करणाऱ्या हौशी मंडळींत आज हिचे नाव फार आदराने घेतले जाते. मोटारींच्या इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला हिचे आकर्षण वेगळ्या कारणासाठी आहे. हिचा इतिहास जेवढा कागदावर आहे तेवढाच पत्र्यात, वेल्डिंगमध्ये आणि वायरीत आहे. आणि तो वाचण्याचे काम प्रामुख्याने गाडीखाली पाठीवर झोपणाऱ्या लोकांनी केले आहे. अडचण अशी, की गाडी वाचवायची तर त्यांना त्यातला काही इतिहास काढून फेकावा लागतो.

साध्या दिसणाऱ्या चार दारांच्या गाडीत शर्यतीला शोभेल असे इंजिन बसवण्याची कल्पना १९९० ची नव्हे. १९६० च्या दशकात मर्सिडीजमधले एरिक वाक्सेनबेर्गर या अभियंत्याने वरिष्ठांना न सांगताच एक उद्योग केला. राष्ट्रप्रमुख आणि धनाढ्य मंडळी वापरत त्या भल्याथोरल्या ‘६००’ गाडीचे ६.३ लिटरचे इंजिन त्याने नेहमीच्या सेडानमध्ये बसवले. कंपनीने ती कल्पना उचलली आणि मार्च १९६८ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘३०० एसईएल ६.३’ मांडली. अशा ६,५२६ गाड्या निघाल्या. तिच्या वारसदार ‘६.९’ च्या १९७५ ते १९८० या काळात ७,३८०. त्या गाडीच्या डिकीवरचा आकडा नको असेल तर कारखाना तो लावतच नसे. ताकद असावी पण शेजाऱ्याला कळू नये, ही त्या गिऱ्हाइकाची श्रीमंती. आपल्याकडच्या श्रीमंतीला हे पटायला जड जाईल.

मग १९८५ मध्ये म्युनिकच्या बीएमडब्ल्यूने ‘एम५’ आणली. आपल्या ‘एम१’ या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा वंशज तिने मध्यम आकाराच्या सेडानमध्ये घातला होता: सहा सिलिंडर, २८६ अश्वशक्ती. १९८८ ची पुढची आवृत्ती ३१५ अश्वशक्तीची. त्याच आकाराची मर्सिडीज, म्हणजे कारखान्याच्या भाषेत ‘डब्ल्यू १२४’, टॅक्सीवाल्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची लाडकी होती. पण ‘एम५’ ला उत्तर तिच्याकडे नव्हते.

त्याच वेळी पोर्शेचे दिवस फिरले होते. कंपनीचा मोठा बाजार अमेरिकेत. डॉलर घसरला, ऑक्टोबर १९८७ मध्ये शेअर बाजार कोसळला, आणि १९८० च्या दशकाच्या मध्याला वर्षाला पन्नास हजारांवर गाड्या विकणारी कंपनी पुढच्या काही वर्षांत पंधरा हजारांच्या खाली आली. कारखान्यात जागा रिकामी, हाताला काम नाही. १९८८ मध्ये मर्सिडीजने ‘डब्ल्यू १२४’ मध्ये आठ सिलिंडरचे पाच लिटरचे इंजिन बसवण्याचे तांत्रिक काम पोर्शेकडे सोपवले. आधी फक्त आराखडे आणि नमुना गाड्या; गाड्या बनवण्याचे काम नंतर आले.

ते का आले, याचे उत्तर मडगार्डात आहे. ‘५०० एसएल’ या दोन आसनी गाडीचे ३२ व्हॉल्व्हचे, ३२६ अश्वशक्तीचे इंजिन बॉनेटखाली जेमतेम मावले. जागा व्हावी म्हणून बॅटरी डिकीत गेली. ब्रेकही ‘एसएल’ चे आले. रुंद चाकांसाठी मडगार्ड फुगवावे लागले, गाडी ५६ मिलिमीटरने रुंद झाली, आणि झिंडेलफिंगेनच्या असेंब्ली लाइनवर ती बसेना. याच वर्गातली ‘४०० ई’, आठ सिलिंडरचीच पण ४.२ लिटरची आणि नेहमीच्या अंगाची, त्या लाइनवरून विनातक्रार बाहेर पडत होती. म्हणजे इंजिन अडले नव्हते, अडला होता तो पत्रा. पाच-सहा सेंटिमीटरच्या फरकामुळे पोर्शेच्या आवारातल्या ‘र्‍योसले-बाऊ’ नावाच्या इमारतीत मर्सिडीज हाताने बनू लागल्या. श्वाबियन बोलीत र्‍योसले म्हणजे छोटा घोडा.

ऑक्टोबर १९९० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. कमाल वेग ताशी २५० किलोमीटरवर मुद्दाम बांधलेला. १९९३ च्या मध्यावर नाव उलटे होऊन ‘ई ५००’ झाले. १९९५ च्या वसंतात उत्पादन थांबले तेव्हा एकूण १०,४७९ गाड्या झाल्या होत्या. पोर्शे त्यामुळे वाचली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या वाईट वर्षांत कामगारांच्या हाताला काम राहिले, हे खरे. पुढे ऑडीची ‘आरएस२’ ही वेगवान इस्टेट गाडी त्याच इमारतीत बनली.

गाडीवर पोर्शेचे नाव मात्र दिसत नाही. चॅसी क्रमांक सुरू होतो तो मर्सिडीजच्या ‘डब्ल्यूडीबी’ या अक्षरांनी, पोर्शेच्या ‘डब्ल्यूपी०’ ने नव्हे. त्यापुढचे १२४०३६ हे आकडे या मॉडेलची खूण. म्हणून हौशी मंडळी गाडीला नुसते ‘०३६’ म्हणतात. साध्या ‘डब्ल्यू १२४’ ला रुंद मडगार्ड चढवून तिचे सोंग आणता येते. त्यामुळे जाणकार ग्राहक आधी हा क्रमांक पाहतो, मग इंजिनावरचा ११९.९७४ हा कोरलेला आकडा, मग रंगाचा आणि सामानाचा तपशील देणारे कारखान्याचे डेटा कार्ड. ताम्रपट खरा की बनावट हे ठरवताना आपण लिपी, धातू आणि मजकूर यांचा मेळ घालतो, तसेच हे. मडगार्ड पत्र्याला कसा जोडला आहे, हे बोटाने चाचपून सांगणारे लोक आहेत. त्या जोडात झुफनहाउझेनच्या कामगाराचा हात आहे, आणि त्याची सही म्हणावी तर तीच.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या गाड्या जुन्या बाजारात स्वस्त झाल्या होत्या. मूळ किंमत १,३४,००० मार्कांच्या वर. दुरुस्तीचा खर्च त्या किमतीला साजेसा, आणि घेणारा मात्र स्वस्त गाडीच्या बजेटचा. वातानुकूलन यंत्राचा एक भाग निकामी झाला तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मागच्या चाकांवर गाडी समतल ठेवणारी तेलाची आणि नायट्रोजनची व्यवस्था आहे. तिची दुरुस्ती महाग म्हणून ती काढून साध्या स्प्रिंग घालणारे निघाले. बाजूच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांमागे आणि जॅक लावायच्या जागी पत्रा गंजत राहिला. बऱ्याच गाड्या अशाच संपल्या. उरलेल्यांचे भाव चढले तेव्हा पूर्ववत करण्याचे काम जोरात सुरू झाले.

या कामात सर्वांत नाजूक प्रश्न वायरिंगचा. १९९० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत मर्सिडीजच्या इंजिनांच्या वायरींवर जे आवरण होते, ते पर्यावरणाला कमी त्रासदायक असे मानले जाते. इंजिनाच्या उष्णतेने ते काही वर्षांत भाजलेल्या पापडासारखे ठिसूळ होते. हात लावला की भुगा. उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या की इंजिनाचा संगणक जळतो. तेव्हा मूळ वायरिंग काढून नवे घालण्यावाचून गत्यंतर नाही. मूळ वायरिंग ठेवले तर गाडी संग्रहालयात उभी राहील, चालणार नाही. बदलले तर चालेल, पण त्या दशकाच्या पर्यावरणविचाराचा एक अस्सल पुरावा कचऱ्यात जाईल.

काही शिस्तीचे मालक जुने वायरिंग पिशवीत बांधून, चिठ्ठी लावून ठेवतात. कोणता भाग कधी आणि का बदलला, याची छायाचित्रांसह वही ठेवतात. मला हाच मार्ग योग्य वाटतो. नव्याकोऱ्या दिसणाऱ्या, पण काय बदलले याची नोंद नसलेल्या गाडीपेक्षा, ओरखडे असलेली आणि वही असलेली गाडी इतिहासकाराच्या दृष्टीने मोलाची. लिलावातला भाव नेमका उलट सांगतो, तो भाग सोडा.

जर्मन कायद्याने या प्रश्नावर व्यवहारी तोडगा काढला आहे. तेथे ३० वर्षे पुरी केलेल्या, चांगल्या आणि मुळाबरहुकूम स्थितीतल्या गाडीला नंबरप्लेटवर ‘एच’ हे अक्षर मिळते. तज्ज्ञ तपासणी करतो. त्या काळी होऊ शकले असते असे बदल चालतात. वर्षाला १९१.७३ युरो एवढा ठरावीक कर, आणि शहरांच्या प्रदूषणनियंत्रित भागांत प्रवेशाची मुभा. १९९५ मध्ये बनलेल्या शेवटच्या ‘ई ५००’ नीही आता तिशी गाठली आहे.

त्याच १९९५ मध्ये, झिंडेलफिंगेनमध्ये ‘डब्ल्यू १२४’ चा निरोप चालू असताना, पिंपरी-चिंचवडला टेल्कोच्या आवारात तिची जुळणी सुरू झाली. मर्सिडीजची भारतात बनलेली ही पहिली मोटार. ताकदीने ‘५०० ई’ च्या जवळपासही नाही, पण सांगाड्याची आखणी तीच. म्हणजे पुण्याच्या या गाड्यांनाही तिशी लागली. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार मात्र आपल्याकडे ‘व्हिंटेज’ ठरायला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे लागतात, चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही, आणि तो दर्जा मिळाल्यावर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तोवर ती नुसती जुनी गाडी: पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर.

जुन्या मर्सिडीज दुरुस्त करणाऱ्या पुण्यातल्या एका मिस्त्रींना मी विचारले, की १९९५ ची एखादी गाडी २०४५ पर्यंत टिकेल का. त्यांनी मागच्या पत्र्याच्या शेडकडे नेले. तेथे तीन ‘डब्ल्यू १२४’ उभ्या होत्या, चाके काढलेल्या, विटांवर टेकवलेल्या. त्या तिन्हींच्या सुट्या भागांवर पेठेतली एक गाडी आजही रोज ऑफिसला जाते, असे ते म्हणाले. कोणत्या गाडीचा कोणता भाग तिच्यात आहे, हे त्यांनी शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले होते.