राग आधी रंग होता

बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहातून किंवा मुलुंडच्या कालिदासमधून बाहेर पडणारा प्रेक्षक ‘प्रयोग रंगला’ म्हणतो, तेव्हा नेपथ्याला कोणता रंग दिला होता याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. रंगलेला असतो तो स्वतः. हा अर्थ जुनाच आहे. ‘रञ्ज्’ म्हणजे रंगणे, लाल होणे, खूश होणे. रंग, राग, रक्त, रंजन, अनुराग, विरक्ती हे सगळं गोत या एका धातूचं. पाणिनीने त्यात वाटणी करून दिली: रंगवण्याची क्रिया किंवा साधन तो ‘राग’, आणि लोक जिथे रंगतात ती जागा ‘रंग’. म्हणजे रंगमंचातला रंग हा, आणि कापड रंगवायचं द्रव्य तो राग! मराठीने त्याची लाली तेवढी ठेवून घेतली आणि राग म्हणजे संताप केला. विरक्त म्हणजे रंग उतरलेला. तरी नेसायचं मात्र भगवं, ही गंमत वेगळीच.

नाट्यशास्त्राने तर रसांना रंगच नेमून दिले. शृंगार सावळा, करुण पारव्याच्या रंगाचा, रौद्र तांबडा, भयानक काळा. रागाने लालबुंद, भीतीने काळाठिक्कर असं आपण अजूनही बोलतोच.

हे आठवलं चित्रकलेतल्या ‘अमूर्त अभिव्यक्तिवाद’ या जडशीळ शब्दामुळे. त्या पंथात गणला जाणारा चित्रकार मार्क रॉथको स्वतःला अमूर्तवाला म्हणवून घ्यायला तयार नव्हता. रंगांची आपापसातली नाती नव्हे, माणसाच्या मूळ भावना मांडतो, असं तो सांगे. गिरगावच्या चाळीत वाढलेले, जेजेत शिकलेले वासुदेव गायतोंडे 1964 साली रॉकफेलर फेलोशिपवर त्याच्या न्यूयॉर्कला गेले. ‘अमूर्त’ त्यांनाही पटत नसे. आपली चित्रं वस्तुनिरपेक्ष आहेत, असं ते म्हणत. रोलरने, सुरीने रंगाचे थर चढवायचे, काढायचे. चित्रात वस्तू नाही, पण रंग आहे. आणि रंग आहे तिथे राग आहेच, पाणिनीचाही आणि मनातलाही.

अशा चित्रांना ‘रागचित्र’ म्हणा, असं मी सुचवलं असतं. पण गाण्यातल्या रागांवरच्या रागमालेच्या लघुचित्रांनी ती जागा आधीच अडवली आहे. रंगाच्या अर्थाने ‘राग’ एखाद्या बोलीत किंवा रंगाऱ्यांच्या तोंडी अजून टिकून असेल, तर वाचकांनी जरूर कळवावं.