माळवद ते स्लॅब : नांदेड व लातूर येथील जुन्या वस्त्यांतील गृहरचनेचे परिवर्तन

प्रस्तावना :
नगरांचा इतिहास बहुधा राजवटी, वेशी व बाजारपेठा यांच्या आधारे लिहिला जातो. वस्तीचे स्वरूप मात्र प्रामुख्याने तेथील घरे ठरवितात. नांदेडमधील इतवारा, होळी, गाडीपुरा या वस्त्यांत आणि लातूरच्या गंजगोलाई परिसरात जुन्या वाड्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. या परिवर्तनाची कारणे व परिणाम यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

माळवदी घराची रचना :
मराठवाड्यात घराचा आकार खणांत मोजला जाई. लाकडी खांब व तुळया, दगडमातीच्या रुंद भिंती आणि पांढऱ्या मातीचे माळवद ही या घराची प्रमुख अंगे होत. सधन कुटुंबाचा वाडा आकाराने लहान नसे. परंतु त्याचा विस्तार आडवा व अंतर्मुख होता. उजेड आणि वारा चौकातून येई, पाणी आडातून मिळे, पाहुणे ढाळजेत बसत. घराच्या बहुतेक गरजा घराच्या हद्दीतच भागत असल्याने अरुंद गल्लीही पुरेशी ठरे.

परिवर्तनाची कारणे :
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारोंचे प्राण घेतले. ५२ गावांचे स्थलांतर झाले व जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. दगडमातीचे घर म्हणजे मृत्यू, सिमेंटचे घर म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण लोकमानसात दृढ झाले. वस्तुतः भिंतीचे दोन पदर सांधणारे आडवे दगड नसणे आणि थरावर थर चढून छत जड होणे, ही हानीची प्रमुख कारणे होती. अनेक घरांच्या भिंती ढासळल्या, तरी लाकडी सांगाडा उभा राहिला होता.

भीतीइतकीच वाटणीही कारणीभूत ठरली. एका वाड्याचे चार हिस्से झाले की चौक कोणाच्याच वाट्याला येत नाही. लातूरमध्ये शिक्षणातील ‘लातूर पॅटर्न’मुळे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना भाड्याने खोल्या देणे किफायतशीर झाले. नांदेडमध्ये २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीनिमित्त रस्ते रुंद झाले. दर्शनी भाग गमावलेल्या घराला उंचीवाचून वाढीचा मार्ग उरत नाही.

परिणाम :
नव्या इमारतीने भूखंड पूर्णपणे व्यापला. परिणामी जे पूर्वी वाड्यात सामावत असे, ते गल्लीत आले : वाहने, जिन्याच्या पायऱ्या, पन्हाळीचे पाणी. शेजारच्या बैठ्या घराचा उजेड अडला आणि अखेरीस त्या घरालाही मजले चढवावे लागले. आड बुजले, चौक फरसबंद झाले, पावसाचे पाणी मुरण्याची जागा संपली व भिस्त कूपनलिकांवर आली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या टंचाईचे मूळ दुष्काळात व जलव्यवस्थापनात होते. तथापि घरोघरचा आड नाहीसा झाल्याने नागरिकांजवळचा अखेरचा आधारही उरला नव्हता.

समारोप :
वाड्याचे गौरवीकरण इतिहासाला धरून होणार नाही. त्याच्या उंबऱ्यावर जातीची व स्त्रीच्या वावराची बंधने होती. मुलींना जन्मतः समान वाटा देणाऱ्या २००५ च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणेनंतर होणारी वाटणी ही न्यायाचीही बाब आहे. म्हणून जुने घर जसेच्या तसे राखावे, असा आग्रह व्यवहार्य नाही. वारसा जतनाची दृष्टी मात्र किल्ला व मंदिर यांपुरती मर्यादित राहू नये. घराने स्वतःच्या हद्दीत किती मोकळी जागा राखावी, हा जुन्या वस्तीच्या संदर्भात उंचीइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. चौक हे वाड्याचे केवळ सौंदर्य नव्हते. शेजाऱ्याशी केलेला तो एक अलिखित करार होता. नगरनियोजनात त्याला स्थान मिळाले, तरच वाढत्या घरांबरोबर वस्तीही टिकून राहील.