प्रगतिदर्शक ॲनिमेशन

संगणकाच्या किंवा मोबाइल ॲपच्या पडद्यावर, मागितलेले काम पूर्ण होईपर्यंत दिसणाऱ्या हलत्या खुणेस प्रगतिदर्शक ॲनिमेशन असे म्हणतात. फिरते वर्तुळ, भरत जाणारी पट्टी आणि मजकुराच्या जागी दिसणारे करडे ठोकळे हे तिचे परिचित प्रकार होत. या खुणेने कामाचा वेग वाढत नाही. बदलते ती प्रतीक्षेची जाणीव.

इतिहास

१९८४ साली आलेल्या मॅकिंटॉश संगणकात सुझन केअर यांनी रेखाटलेले मनगटी घड्याळ प्रतीक्षेची खूण म्हणून दिसत असे. पुढच्याच वर्षी ब्रॅड मायर्स यांनी किती टक्के काम झाले हे दाखवणाऱ्या पट्टीविषयी संशोधन प्रसिद्ध केले. अशी पट्टी वापरकर्त्यांना पसंत पडते, असे त्यात आढळले. जेकब निल्सन यांच्या १९९३ च्या ग्रंथानुसार ०.१ सेकंदात मिळालेला प्रतिसाद तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि १० सेकंदांनंतर लक्ष विचलित होते. त्यामुळे अगदी अल्पकालीन कामासाठी ॲनिमेशन दाखवणे अनावश्यकच नव्हे, तर त्रासदायकही ठरते.

काळाची जाणीव

क्रिस हॅरिसन व सहकाऱ्यांच्या २०१० मधील प्रयोगांत, पुढे सरकणाऱ्या पट्टीवरील रेघा उलट दिशेने हलत असतील तर तोच कालावधी सुमारे ११ टक्के कमी भासला. मात्र प्रत्येक हालचाल उपकारक नसते. ल्यूक रॉब्लेव्स्की यांच्या 'पोलर' या ॲपमध्ये फिरती वर्तुळे आल्यावर ॲप मंदावल्याच्या तक्रारी झाल्या. खुणेने लोकांचे लक्ष प्रतीक्षेकडेच वेधले होते. यावर उपाय म्हणून त्यांनी २०१३ मध्ये 'स्केलेटन स्क्रीन' ही कल्पना मांडली. तीत येणाऱ्या मजकुराचा रिकामा आराखडा आधी दिसतो आणि तो क्रमाक्रमाने भरत जातो.

मर्यादा

संपर्क तुटल्यावरही वर्तुळ फिरत राहिले, तर ती खूण दिशाभूल करते. पैसे पाठवण्याच्या ॲपमध्ये हा दोष विशेष गंभीर आहे. व्यवहार अडकला की फसला हे न कळल्याने वापरकर्ता तीच रक्कम पुन्हा पाठवण्याचा संभव असतो. अशा वेळी 'व्यवहार प्रलंबित आहे' असा साधा मजकूर अधिक उपयोगी पडतो. दृष्टिहीन व्यक्तींच्या वाचक-प्रणालीलाही असा मजकूरच वाचता येतो. पडद्यावरील हालचालीने काहींना भोवळ किंवा मळमळ होते. त्यांच्यासाठी आयफोन व अँड्रॉइड फोनमध्ये ॲनिमेशन कमी करण्याची सोय असते.