त्रिंकोमाली

१. त्रिंकोमाली : मुंबईच्या गोदीत बांधलेली शिडाची युद्धनौका (फ्रिगेट). तिचे मूळ आराखडे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज अमेरिकी ‘कॉन्स्टिट्यूशन’ने डिसेंबर १८१२ मध्ये लढाईत निकामी केले. आराखडे त्याच्याबरोबरच गेले. दुसरी प्रत मागवावी लागली.

बांधकाम जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १८१६ मध्ये सुरू झाले. पारशी रिवाजाप्रमाणे तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. लाकूड नेहमीच्या ओकऐवजी मलबारचे सागवान. ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागाचे तेल उलट त्यांना जपते. शिवाय नेपोलियनशी झालेल्या युद्धांनी इंग्लंडात ओकचा तुटवडा पडला होता.

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. 

इंग्लंडला पोहोचेपर्यंत मात्र युरोपात शांतता नांदत होती. त्यामुळे सेवेत रुजू व्हायला १८४७ साल उजाडले. तोवर तोफा घटवून २६ वर आणल्या होत्या. आधी उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीज, मग १८५२ ते १८५७ प्रशांत महासागर, अशा तिच्या दोनच मोहिमा. पुढे ती राखीव नौसैनिकांची कवायतनौका झाली. १८९७ मध्ये विकली गेल्यावर ‘फूद्रवायां’ या नावाने १९८६ पर्यंत मुलांना नौकानयन शिकवीत राहिली.

त्यानंतर हाती घेतलेली डागडुजी २००१ मध्ये संपली. आज ती हार्टलपूलला आहे. ब्रिटनची ‘व्हिक्टरी’ हिच्याहून जुनी, पण ती कोरड्या गोदीत. तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत त्रिंकोमालीच थोरली.