कोल्हापूर रस्ते-टोल वाद

कोल्हापूर शहरातील ४९.४९ किमी. लांबीचे रस्ते खाजगी भांडवलातून बांधून घेऊन त्यांचा खर्च शहराच्या वेशींवर टोल बसवून वसूल करण्याच्या योजनेवरून एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत शहरातील नागरिक, कोल्हापूर महानगरपालिका आणि महाराष्ट्र शासन यांच्यात जो दीर्घ संघर्ष झाला, तो कोल्हापूर रस्ते-टोल वाद म्हणून ओळखला जातो. लोकव्यवहारात त्याला केवळ ‘टोलचे आंदोलन’ म्हटले जाते. परंतु शहरातील रस्त्याचा खर्च कोणी सोसावा आणि तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यामागचा प्रश्न महाराष्ट्रातील बहुतेक महानगरपालिकांना लागू पडणारा आहे.

या वादाचे मूळ कायदेशीर रचनेत आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावे परिशिष्ट घातले आणि नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवावयाच्या विषयांत ‘रस्ते व पूल’ यांचा समावेश केला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसारही सार्वजनिक रस्ते बांधणे व सुस्थितीत राखणे हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, म्हणजे ते करावे की न करावे याचा विकल्प तिला नाही. मात्र रस्त्याची झीज ज्या वाहनांमुळे होते त्यांच्यावरील कर राज्य शासन बसवते, त्याचे उत्पन्न राज्याच्या तिजोरीत जमा होते, आणि या वादाच्या काळात टोल आकारण्याचा आधारही राज्याचाच कायदा, म्हणजे मुंबई मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ (कलम २०) हा होता. कर्तव्य एकाकडे व साधने दुसऱ्याकडे अशी ही विभागणी असल्याने रस्त्यासाठी पैसा हवा असेल तेव्हा शहराला मंत्रालयाकडे पाहावे लागते.

कोल्हापूरची आर्थिक स्थिती याहून अवघड होती. १९७२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, परंतु तिचे ६६.८२ चौ.किमी. क्षेत्र त्यानंतरच्या चार दशकांत वाढले नाही. लगतच्या गावांचा हद्दवाढीला, म्हणजे शहराच्या सीमेत सामील होण्याला, सातत्याने विरोध राहिला. परिणामी रोज शहरात येणाऱ्या वाहनांचा भार वाढत गेला, पण मालमत्ता कराचा पाया त्या प्रमाणात रुंदावला नाही. अशा संस्थेला मोठा रस्तेप्रकल्प स्वबळावर उभारणे शक्य नव्हते आणि शासनाकडून त्या प्रमाणात अनुदान मिळत नव्हते. त्यातून ‘बांधा, वापरा व हस्तांतरित करा’ ही पद्धत पुढे आली. या पद्धतीत कंत्राटदार स्वतःचे भांडवल घालून काम करतो, ठरावीक मुदतीपर्यंत वापरकर्त्यांकडून शुल्क वसूल करतो आणि मुदतीअंती मालमत्ता सार्वजनिक संस्थेच्या स्वाधीन करतो. महामार्गांवर रुळलेली ही पद्धत कोल्हापुरात शहराच्या अंतर्गत रस्त्यांना लावण्यात आली. वादाची बीजे या निर्णयातच होती, कारण महामार्गाला पर्यायी रस्ता असू शकतो, पण शहरात शिरण्याला पर्याय नसतो.

महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, कोल्हापूर महानगरपालिका व आयआरबी समूहातील कंपनी यांच्यात झालेल्या करारानुसार प्रकल्पाचा खर्च सुमारे २२० कोटी रुपये आणि टोलवसुलीचा काळ ३० वर्षे होता. टेंबलाईवाडी येथील महानगरपालिकेचा भूखंडही दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने कंपनीला देण्यात आला. शिरोली, फुलेवाडी, कळंबा, शाहू नाका, उचगाव यांसह नऊ ठिकाणी नाके उभारण्यात आले. एकेकाळी जकातीसाठी वाहने थांबत त्याच वेशींवर आता टोलसाठी थांबण्याची वेळ येणार होती. फरक एवढाच की जकात महानगरपालिकेच्या खात्यात जमा होई आणि टोल कंपनीच्या.

विरोधाची कारणे तीन प्रकारची होती. पहिले कारण कामाच्या दर्जाचे व अपूर्णतेचे होते. पदपथ, गटारे, जलवाहिन्या व विजेचे खांब हलविण्याची कामे यांविषयी तक्रारी होत्या. दुसरे कारण हिशेबाचे होते, कारण प्रत्यक्ष झालेल्या कामाचे मूल्य किती आणि तीस वर्षांची वसुली किती, याचे पटणारे उत्तर नागरिकांना मिळाले नाही. तिसरे कारण संमतीचे होते आणि ते सर्वांत खोल होते. टोलची अधिसूचना शासनाची, करारातील मुख्य यंत्रणा शासनाचे महामंडळ, आणि रस्ता मात्र शहराचा, अशा स्थितीत महानगरपालिकेच्या सभागृहाला स्वतःच्या ठरावाने टोल रद्द करता येत नव्हता. निवडून दिलेला नगरसेवक या प्रश्नावर हतबल आहे, हे ध्यानात आल्यावर विरोध आपोआप रस्त्यावर आला.

सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समितीच्या नेतृत्वात शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील आणि कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे हे प्रमुख होते. शहराच्या तालमी, तरुण मंडळे व व्यापारी संघटना यांच्याबरोबर आसपासच्या खेड्यांतील लोकही आंदोलनात उतरले. हद्दवाढीला विरोध करणारी गावे टोलविरोधात मात्र शहराच्या बाजूने उभी राहिली, कारण बाजारपेठ, दवाखाना व महाविद्यालय यांसाठी त्यांना रोजच नाका ओलांडावा लागे.

ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये टोल बंद करण्याच्या मंत्र्यांच्या आश्वासनावर आंदोलकांचे उपोषण मागे घेण्यात आले, परंतु वसुली चालूच राहिल्याने जमावाने नाक्यांची जाळपोळ केली. मंत्र्याचा शब्द आणि लेखी शासन आदेश यांतील अंतर महाराष्ट्रातील प्रशासकीय व्यवहारात नवे नाही, पण येथे त्याची किंमत फार लवकर मोजावी लागली. फेब्रुवारी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वसुलीला स्थगिती दिली. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठवल्यावर वसुली पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरे यांची हत्या झाली. त्याच वर्षी शासनाने राज्यातील १२ टोलनाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांना सूट दिली, तेव्हा कोल्हापूरचा निर्णय स्वतंत्र समितीकडे ठेवण्यात आला. प्रकल्पाचे फेरमूल्यांकन झाल्यानंतर डिसेंबर २०१५ मध्ये, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात, टोल कायमचा रद्द झाल्याचे जाहीर झाले. कंपनीला द्यावयाच्या भरपाईचा भार, जो चारशे कोटी रुपयांहून अधिक होता, राज्याने उचलला. म्हणजे जे अनुदान सुरुवातीला दिले असते तर वाद टळला असता, त्याहून मोठी रक्कम राज्याला अखेरीस द्यावी लागली.

इतर शहरांतील रस्त्यांच्या वादांना वेगवेगळी निमित्ते मिळाली, पण रचना तीच आहे. महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डिसेंबर २०१६ मध्ये आल्यानंतर शहरातून जाणारे राज्यमार्ग स्थानिक संस्थांकडे हस्तांतरित करण्याची धडपड झाली. जळगावसारख्या ठिकाणी त्याला विरोध झाला, कारण मद्याची दुकाने मनाईतून वाचविण्यासाठी रस्त्याचा दर्जा बदलला की सार्वजनिक बांधकाम विभागाकडील देखभालीचा खर्च महानगरपालिकेच्या माथी येतो. मुंबईत पूर्व व पश्चिम द्रुतगती मार्ग २०२२ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून बृहन्मुंबई महानगरपालिकेकडे आले. तत्पूर्वी खड्डा कोणाच्या रस्त्यावरचा, हाच पावसाळ्यातला पहिला प्रश्न असे, आणि खड्ड्यांविषयीच्या जनहित याचिकेत उच्च न्यायालयाला यंत्रणांच्या या गर्दीत वारंवार लक्ष घालावे लागले.

महसुलाच्या बाजूने पाहता शहरांचे परावलंबित्व या काळात वाढलेच. जकातीच्या जागी मुंबईखेरीज इतर महानगरपालिकांत स्थानिक संस्था कर आला; ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच तो कर व मुंबईची जकात दोन्ही संपुष्टात आली. त्यांची जागा राज्याच्या भरपाईने घेतली; २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून तीत दरवर्षी चक्रवाढीने ८ टक्के वाढ देण्याची तरतूद २०१७ च्या अधिनियमात आहे. मुंबईला जुलै २०१७ मध्ये पहिल्या हप्त्यापोटी सुमारे ६४७ कोटी रुपये मिळाले. भरपाई नियमित आली तरी ती स्वतः बसवलेल्या करासारखी नसते, कारण तिचा दर वाढविण्याची किंवा तिच्या आधारावर धोरण आखण्याची मोकळीक शहराला राहत नाही.

टोल गेल्यानंतर कोल्हापुरातील प्रकल्पाच्या रस्त्यांची देखभाल पुन्हा महानगरपालिकेकडे आली. पुढे शहरातील १६ रस्त्यांसाठी सुमारे १०० कोटी रुपयांची योजना शासनाच्या नगरोत्थान महाभियानातून मंजूर झाली. नगरोत्थानात प्रकल्प राज्य मंजूर करते आणि महानगरपालिकेला त्यात ‘स्वहिस्सा’, म्हणजे खर्चातील स्वतःचा वाटा, घालावा लागतो.