हैफाची एफी आणि शिराझचं घर

पाचगणीची न्यू एरा शाळा आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. १९४५ साली ती बहाई मंडळींनी काढली. पुण्या-मुंबईत मूळ इराणची बहाई कुटुंबं कित्येक वर्षांपासून राहतात. तरी ‘यांचं मुख्य केंद्र इस्रायलमध्येच का?’ असं कुणी विचारलं, तर आपण गप्प होतो. इराणचे राज्यकर्ते गप्प बसत नाहीत. तिथे याच पत्त्यावरून बहाईंना इस्रायलचे हेर ठरवलं जातं.

आता तारखा बघा. धर्मसंस्थापक बहाउल्ला हैफाजवळच्या अक्का शहरात आले ते १८६८ मध्ये, आणि तेही तुर्की सुलतानाचे कैदी म्हणून. इस्रायल स्थापन झालं १९४८ ला. म्हणजे मधे चांगली ऐंशी वर्षं गेली. कैद्याला कुणी विचारतं का, तुला कुठल्या गावी ठेवू म्हणून?

त्या केंद्रात राहायचं म्हणजे काय, हे मला एका बाईच्या गोष्टीतून कळलं. युफेमिया बेकर. सगळे तिला एफी म्हणायचे. जन्म १८८० चा, ऑस्ट्रेलियातला. फोटोग्राफर होती, रानफुलांचे फोटो तिच्या आवडीचे. १९२२ मध्ये ती बहाई झाली आणि १९२५ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या पहिल्या यात्रेकरूंबरोबर हैफाला गेली. पुढे तिथेच राहिली ती १९३६ पर्यंत.

काम काय? तर पाश्चात्त्य यात्रेकरूंच्या निवासाची यजमानीण! आल्यागेल्याचं बघायचं, खोल्या, जेवणखाण. धर्माचे त्या वेळचे प्रमुख शोगी एफेंदी तिथे जेवायला येत आणि ताटावर बसूनच पाहुण्यांशी बोलत. पाहुणे थोडे दिवस राहून आपापल्या देशी परतायचे, मागे ही राहायची. ओळख जरा मुरते न मुरते तोच निरोप. आजही तिथे कितीतरी देशांतून आलेले शेकडो स्वयंसेवक बागा, कचेऱ्या, कागदपत्रं सांभाळतात आणि मुदत संपली की घरी परततात. इस्रायलमध्ये ते धर्मप्रचार करत नाहीत, तसा त्यांचा नियमच आहे. त्यामुळे त्यांची मैत्री अशीच, परतीच्या तारखेसकट.

एक गोष्ट मात्र मला खटकते. माणुसकी एक म्हणणाऱ्या या धर्मात तेव्हा पूर्वेकडच्या यात्रेकरूंचं निवासस्थान वेगळं होतं, वर कार्मेल डोंगरावर. भाषा वेगळ्या, चालीरीती वेगळ्या, हे मान्य. तरी खटकतंच.

एफीने ती रेघ दुसऱ्याच वाटेने ओलांडली. १९३० मध्ये शोगी एफेंदींनी तिला इराणला पाठवलं, धर्माच्या सुरुवातीच्या काळातल्या जागांचे फोटो काढायला. पन्नाशीची बाई, भाषा परकी, रस्ते कसले ते विचारू नका. काळी चादर पांघरून, कॅमेरा सांभाळत, तिथल्या बहाई कुटुंबांच्या भरवशावर ती महिनोन्‌महिने फिरली. घरं, गल्ल्या, कबरी असं सगळं टिपलं. १९३२ मध्ये ‘द डॉन-ब्रेकर्स’ हा ग्रंथ निघाला, त्यात हे फोटो आहेत. परत आल्यावर? पुन्हा पाहुण्यांच्या खोल्या.

त्या फोटोंत शिराझमधलं बाब यांचं घर आहे. बहाई इतिहास जिथून सुरू होतो ते हे घर, साल १८४४. क्रांतीनंतर १९७९ मध्ये ते पाडून टाकलं. पुढच्याच काही वर्षांत तिथल्या कितीतरी बहाईंना फाशी झाली. ‘हेर’ हा शब्द तेव्हाही होताच.

एफी १९६८ मध्ये सिडनीत वारली. तिने फोटो काढलेलं ते घर पाडलं गेलं ते त्यानंतर अकरा वर्षांनी. आज ते कसं होतं हे पाहायचं, तर हैफाच्या त्या यजमानिणीचे फोटो काढून बघता येतात.