माणशी एक डॉलर

‘मी इतके किलोमीटर धावणार आहे, तुम्ही किती देणार?’ असं विचारणारा सहकारी आता पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतही भेटतो. 2004 मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि संस्थांसाठी धावून पैसे उभे करण्याची रीत आपल्याकडे चांगलीच रुळली. तिची एक मोठी शाखा कॅनडाची. रोगावरच्या संशोधनाला सामान्य माणसाचा पैसा मिळवून दिला तो याच शाखेनं.

1967 हे कॅनडाचं शताब्दी वर्ष. त्या वर्षी ‘माइल्स फॉर मिलियन्स’ नावाच्या पदयात्रा निघाल्या. शाळकरी मुलं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मैलामागे काही सेंट असा शब्द घ्यायची, दिवसभर चालायची आणि मग वसुलीला निघायची. तो पैसा गरीब देशांतल्या मदतकार्याला जाई. मैलावर देणगी मोजायची सवय लोकांना अशी लागली. प्रयोगशाळा मात्र अजून या हिशेबात नव्हती.

ती आणली टेरी फॉक्सनं. विनिपेगला जन्मलेला, व्हँकुव्हरजवळच्या पोर्ट कोक्विटलममध्ये वाढलेला हा बास्केटबॉलवेडा मुलगा. 1977 मध्ये, अठराव्या वर्षी, त्याच्या उजव्या पायात हाडाचा कर्करोग निघाला. गुडघ्याच्या वरून पाय कापायचं ठरलं. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या जुन्या प्रशिक्षकानं एक मासिक आणून दिलं. त्यात डिक ट्रॉमवर लेख होता. कृत्रिम पायावर न्यूयॉर्क मॅरेथॉन पुरी करणारा हा पहिला धावपटू. पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज त्या लेखात आहे.

पण जिद्दीइतकाच महत्त्वाचा होता एक आकडा, आणि टेरीच्या कथेत तो नेहमी मागे पडतो. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की तुझी जगण्याची शक्यता 50 टक्के आहे, दोनच वर्षांपूर्वी ती 15 टक्के होती. मधल्या काळात नवी औषधं हाती आली होती. आपण जिवंत आहोत ते कुणीतरी कुठेतरी केलेल्या प्रयोगांमुळे, हे त्याला तिथेच कळलं. सोळा महिने केमोथेरपी घेताना आजूबाजूच्या खाटांवरची मुलं त्यानं पाहिली. म्हणून कॅनडा धावत पार करायचं ठरवल्यावर त्यानं पैसे मागितले ते कर्करोगावरच्या संशोधनासाठी. आपल्याकडेही रुग्णालयाच्या खाटेवर आजोबांचं नाव घालायला माणूस पटकन तयार होतो. ज्याचं फळ कदाचित वीस वर्षांनी आणि परक्याच्या पदरात पडेल अशा कामाला पैसा मागणं फार अवघड.

12 एप्रिल 1980 रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला त्यानं कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि पश्चिमेकडे धावायला लागला. रोज जवळजवळ एक पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे 42 किलोमीटर. त्या पायातली स्प्रिंग दाबली गेली की पूर्ववत व्हायला क्षणभर लागे. तेवढ्यात त्याला धडधाकट पायावर दोनदा उडी घ्यावी लागे. लंगडत-उसळत चालणारी त्याची ती लय अशी तयार झाली होती. खोबणीत घासून मांडीच्या उरलेल्या भागातून रक्त येई. मित्र डग अल्वर्ड व्हॅन घेऊन सोबत असे.

सुरुवातीला फारसं कुणी फिरकलं नाही. मग आलं पोर्ट ओ बास्क, दहा हजारांच्या आसपास वस्तीचं बंदर. तिथे दहा हजार डॉलरहून जास्त जमले. माणशी एक डॉलर! तोच हिशेब त्यानं देशाला लावला: लोकसंख्या 2 कोटी 40 लाख, म्हणजे तेवढेच डॉलर. ‘फोर सीझन्स’ हॉटेलांचे इसाडोर शार्प यांचा मुलगा कर्करोगानं गेला होता. त्यांनी मैलामागे दोन डॉलर जाहीर केले आणि आणखी 999 कंपन्यांना तसंच करायचं आवाहन केलं.

1 सप्टेंबरला, 143 दिवस आणि 5,373 किलोमीटरनंतर, थंडर बेजवळ त्याला थांबावं लागलं. रोग फुप्फुसांत पोचला होता. 1 फेब्रुवारी 1981 ला निधी 2 कोटी 41 लाख डॉलरवर गेला, देशाच्या लोकसंख्येइतका. 28 जूनला टेरी गेला. बावीस वर्षांचा होता.

दरवर्षी त्याच्या नावानं धाव व्हावी ही शार्प यांची कल्पना. टेरीनं होकार दिला, पण अटी घालून: शर्यत नको, विजेता नको, बक्षीस नको, कंपन्यांच्या जाहिराती नकोत. सप्टेंबर 1981 च्या पहिल्या धावेत तीन लाख लोक आले आणि 35 लाख डॉलर जमले. ती प्रथा मग देशोदेशी गेली, मुंबईतही आली. 2007 मध्ये त्याच्या नावाची संशोधन संस्था उभी राहिली. मला वाटतं, ही धाव टिकली ती त्या अटींमुळे. जिंकायचंच नसल्यामुळे तिच्यात आजीही येते आणि चाकाच्या खुर्चीतला मुलगाही.

टेरीला चाकाच्या खुर्चीतल्या बास्केटबॉलकडे नेणारा रिक हॅन्सन 1985 ते 1987 त्याच खुर्चीवर 34 देश फिरला आणि मज्जारज्जूच्या दुखापतीवरच्या संशोधनासाठी त्यानं 2 कोटी 60 लाख डॉलर उभे केले. मानसिक आजारांची पाळी उशिरा आली. कापलेला पाय दिसतो, नैराश्य दिसत नाही. टेरीच्याच विनिपेगमध्ये जन्मलेली ऑलिंपिक खेळाडू क्लारा ह्यूज स्वतः नैराश्यातून गेली होती. 2014 मध्ये ती 110 दिवस सायकलवर देशभर फिरली, सुमारे 11,000 किलोमीटर, आणि गावोगावच्या शाळांत आपल्या आजाराबद्दल उघडपणे बोलली. तिच्या मागे ‘बेल’ ही टेलिफोन कंपनी होती, जी 2011 पासून वर्षातला एक दिवस ठरवून प्रत्येक संदेशामागे 5 सेंट मानसिक आरोग्याला देत होती. मोजमापाचं एकक मैलावरून संदेशावर आलं आणि कंपनीचं नावही दर्शनी भागात आलं. पैसा आला, लोक बोलू लागले, हे मोठंच काम झालं. तरी टेरीची चौथी अट इथे सुटली, याची रुखरुख मला वाटते.